उलटे मेण

ओताऱ्याचे हात गरम असत. हे मोजून कोणी पाहिलेले नव्हते, पण ओतशाळेत त्यावर दुमत नव्हते आणि घरी त्याची थोरली बहीण तर शपथेवर सांगायला तयार होती. थंडीच्या दिवसांत कात्री हातात घेण्यापूर्वी ती आपली बोटे त्याच्या मुठीत कोंबायची आणि म्हणायची, "धाकट्या, शेगडीचा खर्च वाचला बघ." ती एका कोट शिवणाऱ्या दुकानात कापड बेतायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. तो तिला ताई म्हणे आणि जगात फक्त तिलाच वचकून असे.

ओतशाळेत नळांच्या तोट्या, दारांच्या मुठी, घंटा आणि क्वचित एखादा बागेतला पुतळा तयार होई. रीत जुनी होती. आधी वस्तूचा मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचे लेप चढवायचे आणि मग भट्टीची धग द्यायची. मेण वितळून वाहून जाते, मातीत त्याच्या आकाराची पोकळी उरते आणि त्या पोकळीत धातू ओततात. ओतारी नमुनेही करी आणि मेणही काढी. साच्याला कान लावून तो आत मेण उरले आहे की नाही ते सांगतो, अशी त्याची ख्याती होती. तो स्वतः मात्र हे नाकारतो. "कानानं कसलं कळतंय? जळकं मेण नाकाला कळतं. वाकून वास घ्यायचो, लोकांना वाटायचं ऐकतोय." अरुंद नळीत मेणाचा शेवटचा तुकडा अडकला, तर तो साचा दोन्ही तळव्यांत धरून भोकावर तोंडाची वाफ सोडी. हट्टी मेण त्याने सुटे. ही सवय त्याच्या हातांत इतकी मुरली होती की पुढे तिनेच घात केला असता.

ओतशाळा बंद पडली तेव्हा ओताऱ्याच्या डोक्यावरचे केस निम्मे गेले होते आणि दुसरे काही येत नव्हते. त्याच सुमारास त्याला बाईंचे बोलावणे आले. बाई रसायनशास्त्र शिकलेल्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला त्यांची कार्यशाळा होती. मेण कसे काढतात ते पाहायला त्या पूर्वी एकदा ओतशाळेत येऊन गेल्या होत्या. दिवसभर भट्टीपाशी उभे राहून त्यांनी इतके प्रश्न विचारले होते की मालकाने हात जोडले. ओताऱ्याने मात्र सगळ्यांची उत्तरे दिली होती आणि ज्याचे येत नव्हते तिथे "येत नाही" म्हटले होते. बाईंच्या ते लक्षात राहिले.

कार्यशाळा म्हणजे दोन खोल्या. पहिलीत लांब टेबल, खिडकी, आणि पेटीएवढे एक यंत्र. ते बारीक नळीतून लगदा पिळून, रेघेवर रेघ ठेवत आकार उभा करी. दुसरी खोली शीतखोली. तिथे फ्रीजसारखी थंडी, भिंतीला खिळ्यावर दोन जाड कोट आणि मधोमध स्टीलचा ओटा. पहिल्या दिवशी ओताऱ्याने त्या खोलीत डोकावून विचारले, "इथं भट्टी कुठं लावणार?"

"लावायचीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी शीतखोलीतल्या फळीवरची एक बाटली काढून त्याच्या हातात दिली. आतला द्रव पाण्यासारखा डुचमळत होता. "मुठीत धरा. गप्पा मारू तोवर."

गप्पा पुऱ्या व्हायच्या आत त्यांनी बाटली उलटी करायला सांगितली. ओताऱ्याने ती उलटी केली. आतले काही खाली आले नाही. त्याने बाटली हलवली, बुडावर चापट मारली. द्रवाचा घट्ट, थरथरता गोळा झाला होता.

"हे तर उलटं मेण झालं," तो म्हणाला. "ऊब लागली की घट्ट, गारठलं की पातळ."

तेच नाव पुढे कार्यशाळेत रूढ झाले. त्या पदार्थाचे पुस्तकातले नाव लांबलचक आहे आणि बाईही ते फक्त पाहुण्यांसमोर घेत.

"पण असं उफराटं वागतं का?" ओताऱ्याने विचारले. या वेळी 'का' विचारायची पाळी त्याची होती.

"ही लांब साखळी आहे. तीन तुकडे जोडलेली. दोन्ही टोकांना पाणी आवडतं. मधल्या तुकड्याला पाण्याचा तिटकारा."

"मग पाण्यात राहतो कसा तो?"

"थंडीत निभावून नेतो. ऊब लागली की त्याचा धीर सुटतो. मग अनेक साखळ्यांचे मधले तुकडे एकमेकांत तोंड खुपसून बसतात आणि टोकं बाहेर, पाण्याच्या अंगाला. असे बारीक बारीक गोळे होतात. कोणी बांधत नाही, आपले आपण. गोळे दाटले की कुणालाच हलता येत नाही."

ओताऱ्याने थोडा विचार केला. "आमच्या काकांच्या वाटणीच्या बैठकीसारखं. डोकी तापली की जो तो आपापल्या माणसांचं कोंडाळं करून, दुसऱ्याकडं पाठ करून बसायचा. मग बैठक जागची हलायची नाही."

"अगदी तसंच. आणि पुन्हा थंड झाली की?"

"ते आमच्यात झालं नाही कधी," ओतारी म्हणाला. "पण तुमचं औषध शहाणं दिसतंय."

औषध म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्याच रुग्णालयात भाजलेल्यांच्या वॉर्डात हा पदार्थ गार, पातळ असताना जखमेवर ओतत. अंगाच्या उबेने तो जागीच साय धरावी तसा बसे, आणि मलमपट्टी बदलताना सोलून काढावा लागत नसे. गार पाण्याने धुतला की जाई. दातांच्या विभागात हिरडीच्या फटीत तो सुईने सोडत. पाण्याशी न जमणारी औषधे त्या बारीक गोळ्यांच्या पोटात दडवता येत आणि तिथून ती हळूहळू झिरपत. बाईंच्या कार्यशाळेत मात्र त्याचा उपयोग ओतशाळेसारखाच होता. रुग्णाच्या डोक्याच्या किंवा छातीच्या चित्रांवरून यंत्र त्याच्या रक्तवाहिन्यांचा आकार निळ्या रंगाच्या उलट्या मेणात उभा करी. थोडे छापायचे, भोवती पारदर्शक रबर ओतायचे, पुन्हा थोडे छापायचे, पुन्हा ओतायचे. रबर धरले की ठोकळा शीतखोलीत न्यायचा. तिथे आतले निळे पातळ होऊन बर्फासारख्या गार पाण्याबरोबर वाहून जाई. मागे रबरात हुबेहूब त्या माणसाच्या शिरा उरत, पोकळ. सर्जन त्यात लाल पाणी खेळवून शस्त्रक्रियेची तालीम करीत.

ओताऱ्याला हे काम मानवले. एक तक्रार तेवढी होती. "जन्मभर भट्टीपाशी घाम गाळला, आता म्हातारपणी कोट घालून काम करतोय," तो ताईला सांगे. ताई म्हणे, "तुझं डोकं लहानपणापासून तापट. देवानं उशिरा का होईना, योग्य जागी नेऊन ठेवलं."

मग ताईलाच चक्कर आली.

दुकानात, कापडावर खडूची रेघ ओढताना. मैत्रिणींनी तिला खुर्चीवर बसवले, पाणी दिले, आणि ती पुन्हा उभी राहून ती रेघ पुरी करूनच घरी गेली, असे त्या सांगतात. ताईचे म्हणणे, रेघ वाकडी आली होती म्हणून ती पुसली आणि नवी ओढली. काही का असेना, तपासणीत निघाले ते असे: डोक्यात डावीकडे एका रक्तवाहिनीच्या फाट्यावर फुगा आला होता. फुटला तर सगळेच संपले. फुग्याच्या मानेशी चिमटा बसवून तो बंद करणे शक्य होते, पण जागा अडचणीची होती. त्या भागातून मेंदूच्या ज्या भागाला रक्त जाते, त्यावर उजव्या हाताची हालचाल अवलंबून असते.

"म्हणजे जगेन, पण कात्री जाईल?" ताईने सर्जनला विचारले.

सर्जन मोजके बोलणारी होती. "दोन्ही राखायचा प्रयत्न आहे. म्हणून आधी तालीम करणार."

"कशावर?"

ताईच्या शेजारी बसलेल्या ओताऱ्याने खाली पाहिले. ठोकळा कुठून येणार ते त्याला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला खिडकीपाशी बोलावले. "ओतारी, हा ठोकळा मी करू का? तुम्ही सुट्टी घ्या."

"तुम्ही ओतलं की रबरात बुडबुडे राहतात, बाई."

"राहतात," बाईंनी कबूल केले. "पण माझी बहीण नाहीये ती."

"म्हणूनच मी करतो."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. "बरं. अट एकच. काही बिघडलं तर आधी मला सांगायचं. दुरुस्त करून मग नाही."

त्याने मान डोलावली. छपाई निर्वेध झाली. ताईच्या डोक्यातला तो फाटा टेबलावर निळा उभा राहिला: वाटाण्याएवढा फुगा आणि त्याच्या मानेजवळून निघालेली, केसाहून थोडी जाड अशी एक फांदी. चित्रांत ती पुसट होती. आहे की नाही असा वाद झाला होता आणि बाईंनी व सर्जनने ठरवले होते की संशय आहे तर छापावी. ओताऱ्याने दर टप्प्याला रबर धार धरून ओतले. एकही बुडबुडा राहिला नाही. तालीम दुसऱ्या सकाळी आणि शस्त्रक्रिया त्याच्या पुढच्या दिवशी ठरली होती. नवा ठोकळा करायला वेळ नव्हता.

दुपारी त्याने ठोकळा शीतखोलीत नेला आणि गार पाणी सोडले. मोठ्या वाहिन्यांतले निळे सरसर निघाले. फुगाही मोकळा झाला. बारीक फांदीतले मात्र जागचे हलेना. रबर धरेपर्यंतच्या वेळात एवढ्याशा जागेतले पाणी सुकले असणार. उरलेले निळे दाटून, चिवट होऊन बसले होते. ओताऱ्याने पाण्याचा जोर थोडा वाढवला. काही नाही. ठोकळा प्रकाशासमोर धरला. निळा दोरा तसाच.

इथे त्याच्या मनात ताई होती. हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. खडू धरलेला तिचा उजवा हात त्याला दिसत होता. आणि डोके दुसरीकडे गेले की हात आपल्या जुन्या वळणावर जातात. त्याने शीतखोलीचे दार ढकलून ठोकळा बाहेरच्या टेबलापाशी आणला, दोन्ही तळव्यांत धरला आणि भोकावर तोंडाची वाफ सोडली. मायेने, सावकाश, जशी हट्टी मेणावर सोडत असे तशी.

निळा दोरा आणखी आवळला. त्याच्या मागचे उरलेसुरले ओले निळेही जागीच थिजले आणि पार फुग्याच्या मानेपर्यंत बूच बसल्यासारखे झाले. ओताऱ्याला पहिल्यांदा कळलेच नाही. त्याने आणखी वाफ सोडली. मग त्याची नजर आपल्या हातांवर गेली, आणि त्याने ठोकळा टेबलावर असा ठेवला की जणू तो निखारा होता.

जित्याची खोड, दुसरे काय. जी ऊब ओतशाळेत उपयोगी पडे, ती इथे विष ठरली होती.

त्याच्यापुढे दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही वाईट. सुईने जोर लावून बूच ढकलावे तर फुग्याची रबरी भिंत कागदासारखी पातळ. ती फाटली की ठोकळा संपला. किंवा मानेपर्यंतचे बूच कसेबसे काढावे आणि फांदी तशीच ठेवावी. ती आहे की नाही याबद्दल आधीच वाद होता. दोराही इतका बारीक की वरून पाहणाऱ्याला ती बंद आहे हे समजणार नाही. तो ठोकळ्याकडे पाहत उभा राहिला. मग दाराकडे वळला आणि बाईंना हाक मारली.

"बाई, मी याला ऊब दिली."

बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला. "मुद्दाम?"

"हातानं दिली. मी नव्हतो तिथं."

त्या रागावल्या नाहीत. ठोकळा प्रकाशासमोर धरून त्यांनी पाहिला. "जोर लावला होतात?"

"नाही. लावणार होतो."

"नाही लावला ना, मग काही बिघडलेलं नाही. तुमचं मेण जळलं की गेलं. हे रुसतं, पण राग धरून बसत नाही. थंड करा, पुन्हा सुटेल. फांदीतलं सुकलंय, त्याला वेळ लागेल. गार पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी आपलं आपण आत झिरपेल."

"आणि मी काय करू?"

"काहीच नाही. तेच अवघड आहे. आणि हात खिशात ठेवा."

ओतारी कोट चढवून शीतखोलीत स्टुलावर बसला. बर्फ घातलेल्या पाण्याच्या तबकात ठोकळा बुडालेला होता. भट्टीपाशी माणसाला नेहमी काही ना काही करायला असते: कोळसा सारायचा, भाता ओढायचा, शिव्या द्यायच्या. इथे बर्फाचा खडा मधूनच तडकन वाजे, तेवढेच. त्याला दोनदा वाटले की ठोकळा उचलून पाहावा. दोन्ही वेळा त्याने हात खिशात आणखी खोल घातले. बाईंनी एकदा दार उघडून चहाचा कप आत सरकवला आणि म्हणाल्या, "हा तुमच्यासाठी. तबकाशेजारी ठेवू नका."

"दुधानं पोळलोय, बाई. आता ताकही फुंकून पिईन," तो म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटला, "फुंकायचं तेवढं नको."

बर्फ बराच विरघळला तेव्हा मानेतले बूच सुटले. पाण्यात निळा धूर पसरावा तसे ते बाहेर आले. फांदी मात्र निळीच होती. ओताऱ्याने पाणी बदलले, नवा बर्फ घातला आणि पुन्हा बसला. बाहेर दिवसपाळीची माणसे निघाली, संध्याकाळपाळीची आली. मग त्या दोऱ्याचा एक टोकाचा भाग फिका झाला. नुसते भासले असेल म्हणून त्याने नजर फिरवली, पुन्हा पाहिले. फिकेपणा सरकत होता. कोणी ढकलत नव्हते, कोणी ओढत नव्हते. गारव्यात साखळ्यांचे कोंडाळे मोडत होते आणि एकेक करून त्या पाण्याला सामील होत होत्या. शेवटी त्याने हलक्या हाताने गार पाणी सोडले आणि फांदीच्या पलीकडच्या तोंडातून एक थेंब बाहेर आला. निळा. त्याच्यामागून एक स्वच्छ.

त्याने बाईंना हाक मारली नाही. त्याने हात पुन्हा खिशात घातले आणि आणखी थेंब पडू दिले.

तालमीला त्याला दारापाशी उभे राहू दिले. सर्जनने सूक्ष्मदर्शकाखाली ठोकळा ठेवला, वाहिन्यांत लाल पाणी खेळवले आणि फुग्याच्या मानेवर चिमटा बसवला. फुग्याचा लाल रंग थांबला. सर्जनची सहायक "छान" म्हणाली. सर्जनने सूक्ष्मदर्शकावरचा डोळा हलवला नाही.

"ही फांदी मघाशी लाल होती," ती म्हणाली.

आता ती लाल नव्हती. चिमट्याच्या टोकाखाली तीही दबली होती. सर्जनने चिमटा काढला. फांदी पुन्हा भरली. पुन्हा बसवला. पुन्हा थांबली. मग तिने तबकातला बाकदार चिमटा मागितला, दुसऱ्या अंगाने शिरली, जागा बदलली, काढला, पुन्हा बसवला. फुगा फिका पडला आणि केसाएवढी लाल रेघ वाहत राहिली.

"उद्या हाच," सर्जन म्हणाली.

त्या फांदीमुळे ताईचा हात वाचला, असे ओतारी कधी म्हणत नाही आणि ते बरोबरच आहे. सर्जनला विचारले तर ती सांगते की प्रत्यक्षात ती फांदी तिला दिसली असती, बहुधा. 'बहुधा' हा शब्द ती जरा थांबून उच्चारते. याहून अधिक कोणालाच सांगता येणार नाही, कारण ती शस्त्रक्रिया एकदाच झाली आणि ती बाकदार चिमट्यानेच झाली.

ताई शुद्धीवर आल्यावर सर्जनने तिला आपली बोटे दाबायला सांगितली. आधी डावा हात, मग उजवा. ओतारी पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. ताईने उजव्या हाताने बोटे अशी दाबली की सर्जन म्हणाली, "पुरे."

"कात्री धरणारा हात आहे," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जपून मागा."

मग तिची नजर भावावर गेली. त्याने पुढे होऊन तिचा हात धरला आणि तिने तो लगेच झटकला.

"अरे, बर्फ झालाय की तुझा हात."

"थंड खोलीतून आलोय."

"आता माझी बोटं कुठं शेकायची?"

"शेगडी घे," ओतारी म्हणाला, आणि पलंगाचा दांडा धरून दुसरीकडे पाहू लागला. तो रडला असे ताई म्हणते. त्याचे म्हणणे, शीतखोलीतून एकदम उबेत आले की डोळ्यांना पाणी येते.

ठोकळा रुग्णालयाचा, तो घरी नेता येत नाही. पण ताई हिंडूफिरू लागल्यावर बाईंनी तिला कार्यशाळेत बोलावून तो दाखवला. ताईने तो खिडकीपाशी नेला, शिवणीची तपासणी करावी तसा उलटासुलटा केला, फांदीवर नखाने रेघ ओढली.

"हा लहानपणी म्हणायचा, ताईचं डोकं पोकळ आहे," ती बाईंना म्हणाली. "म्हणायचा तोवर ठीक होतं. आता बनवूनच दाखवलं."

"पोकळ होईना म्हणून तर जीव खाल्ला होता," ओतारी म्हणाला.

ताईने ठोकळा त्याच्या हातात ठेवला. त्याने तो दोन बोटांनी, कडेला धरला.

दुकानात ती परतली ती जाड कापडावर. हलके कापड कोणीही कापेल, तिचे म्हणणे. त्या दिवशी ओतारी तिला पोहोचवायला गेला होता. तिने त्याला कापडाचे दुसरे टोक धरायला लावले आणि खडूने रेघ ओढली. मग मोठी कात्री उचलली. पात्यांचा तो करकर आवाज टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेला.

"ओढू नकोस," मध्येच ती मान वर न करता म्हणाली. "नुसतं धर."

तो नुसते धरून उभा राहिला.